खालीं झुकणारी मोटार

मोटार जमिनीपासून पुरेशी उंच असावी, म्हणजे खड्ड्यांत तिचा तळ आपटत नाहीं, हें श्रोत्यांस ठाऊकच आहे. परंतु अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत राहणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांस दुसऱ्या महायुद्धानंतर निराळीच हौस लागली. मोटार जमिनीलगत असावी व संथपणें चालावी, यांतच त्यांस शोभा वाटे. त्यासाठीं कोणी स्प्रिंगा कापीत, कोणी मागें वाळूच्या गोण्या ठेवीत. पण कापलेली स्प्रिंग पुन्हां वाढत नाहीं, ही मोठीच अडचण होती.

पुढें १९५८ सालीं तेथें कायदा आला. फेरफार केलेल्या मोटारीचा चाकांवांचून कोणताही भाग रिमेच्या तळापेक्षां खालीं असूं नये, असें त्याचें बंधन होतें. या तरुणांस रस्त्यांत अडविण्यास पोलिसांना तें आयतेंच निमित्त झालें.

१९५९ सालीं रॉन अगीरे यांनीं यावर तोड काढली. त्यांनीं मोटारीस तेलाच्या दाबावर चालणारे पंप व झडपा जोडल्या. पंपानें तेल नळकांड्यांत लोटलें कीं आंतील दट्ट्या सरकून मोटार वर उचलली जाई. झडप उघडली कीं तेल परत फिरे आणि मोटार स्वतःच्या भारानें खालीं बसे. बटण दाबण्याचाच काय तो अवकाश! पोलीस दिसतांच मोटार कायद्यांत बसे, तो दृष्टीआड होतांच मनाजोगती होई.

२०२४ च्या आरंभीं तें बंधन प्रांतिक सरकारनेंच उठविलें. मोटार खालींवर करण्याची ही विद्या मात्र आजही तेथें हौसेनें जोपासली जाते.