कवड्यांची बॅग आणि माझी घासाघीस

मला एक स्लिंग बॅग हवी होती. एकदम हटके, चारचौघींकडे नसलेली! एक्झिबिशनमध्ये ‘बंजारा बॅग’ म्हणून मिळतात, तशा दोन घेऊन झाल्या होत्या. महिनाभरात दोन्हींचे आरसे गळाले. मग ठरवलं, खरी बंजारा बॅग घ्यायची आणि तीही थेट वाशिम जिल्ह्यात जाऊन.

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथेच. रामनवमीला मोठी यात्रा भरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत म्युझियमही सुरू झालंय. मी श्रावणात गेले, गर्दी नव्हती. पण खरं म्युझियम भेटलं ते जवळच्या तांड्यावर. ओसरीत बसलेल्या एका आजींच्या अंगावर! फेटिया, काचळी, कवड्या, गोंडे आणि चक्क चार आण्यांची नाणी. ही नाणी २०११ मध्ये चलनातून बाद झाली, इथे अजून मिरवतायत. सुना मात्र साडीत. भरतकामाला बसलेल्या एकट्या आजीच.

तसा सामान वाहून नेणं हा बंजाऱ्यांचा पिढीजात व्यवसाय. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून ते देशभर फिरायचे. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. पण थैल्या, बटवे, घागरीखालची चुंबळ, हे सगळं सजवणारा हात राहिला.

आजींनी आरसा कसा बसवतात ते दाखवलं. आरशाला भोक नसतं, गोंदही लावत नाहीत. आधी त्याच्यावरून आडवे-उभे धागे ताणून चौकट करायची, मग त्या धाग्यांना धरून कडेने गोल टाके घालत जायचं. म्हणून तो निखळत नाही. माझे दोन्ही आरसे चिकटवलेले होते, बॉस! आता कुठलीही बॅग घेताना मी आधी ती उलटी करून बघते. मशीनचा टाका आतूनही शिस्तीत असतो. हाताच्या कामात गाठी दिसतात, धागा इकडून तिकडे उडी मारतो.

बॅगेची किंमत आठशे. मी सवयीने म्हटलं, “आजी, पाचशेला द्या ना.”

“बारा दिस लागले पोरी. रातीचं दिसत नाई मले, म्हून दुपारीच टाके टाकतो.”

रोजचे दोन-अडीच तास धरले तरी तासाला पस्तीस रुपयेसुद्धा पडत नव्हते. त्यातून दोरा, आरसे, कवड्यांचा खर्च वेगळाच. माझी कॅपुचिनो दोनशेची असते.

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, श्रेय न देता. तेव्हा तावातावाने पोस्ट टाकणाऱ्यांत मीही होते. आणि इथे तीनशे रुपयांसाठी हुज्जत घालत होते! कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला, म्हणजे तिथल्या बंजारा बायकांच्याच कामाला, २०१० मध्ये जीआय टॅग मिळाला. आजींच्या बॅगेवर टॅग कसला, साधी चिठ्ठीही नव्हती.

पूर्ण आठशे दिले. मैत्रिणीसाठी आणखी एक बॅग सांगितली, हजार रुपये कबूल करून. कधी मिळेल विचारलं, तर म्हणाल्या, “सोयाबीन निघू दे.”