जवसाच्या तेलातली थ्री-नॉट-थ्री

पेनसिल्व्हेनियात शेजारच्या आजोबांच्या गॅरेजात ती दिसली आणि मी थबकलोच. थ्री-नॉट-थ्री रायफल! लहानपणी चौकीबाहेरच्या हवालदाराच्या खांद्यावर असायची तीच. दस्त्याजवळच्या लोखंडावर शिक्का बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याचा. म्हणजे माझ्यासारखीच, तिकडून इकडे आलेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या लष्करी रायफली अमेरिकेत अगदी स्वस्तात विकल्या गेल्या. टपालानं घरपोच यायच्या. १९६८च्या कायद्यानं ते थांबलं. नवी शिकारी रायफल न परवडणारे लोक माउझर किंवा स्प्रिंगफिल्डसारखी जुनी लष्करी रायफल घेत, पुढचं लांबलचक लाकूड करवतीनं कापून ती हलकी करत. याला इथे ‘स्पोर्टराइझ’ करणं म्हणतात. आजोबांनीही तरुणपणी एक स्प्रिंगफिल्ड अशीच कापली. आज संग्राहक अस्सल, न कापलेल्या रायफलीलाच जास्त पैसे मोजतात, आणि आजोबा अजून हळहळतात.

आता ते फक्त लाकूड उजळवतात. दस्त्यावर पोचा असला की त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवायची. वाफेनं दबलेले तंतू फुगून वर येतात. मग जवसाचं तेल, तळहातानं चोळून, अगदी पातळ. एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. तेलाची फडकी मात्र चुरगळून फेकायची नाहीत, ती आपोआप पेटू शकतात.

आपल्याकडे असा छंद परवान्याच्या कायद्यात बसणारा नाही. मला त्याची खंतही नाही. गॅरेजभर आजीच्या जवसाच्या चटणीची आठवण करून देणारा वास असतो, तेवढ्यासाठी मी रविवारी तिकडे जातो.