दूरच्या शाखांतील संगणकांना पत्ता का मिळत नाही?

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्रास अंकांचा स्वतंत्र पत्ता लागतो. हे पत्ते हाताने न भरता आपोआप वाटून देण्याच्या पद्धतीस डीएचसीपी असे नाव असून, तिचे नियम प्रथम १९९३ साली व सुधारून १९९७ साली प्रसिद्ध झाले. शाळेच्या संगणकखोलीत वाटणारा व घेणारे एकाच ठिकाणी असतात. तेथे अडचण थोडी. परंतु जिल्ह्याच्या गावी मुख्य कार्यालय व आडवळणाच्या गावी शाखा असलेल्या बँकेत वाटणारा सर्व्हर पुष्कळदा मुख्य कार्यालयातच असतो. शाखेत पत्ते मिळेनासे झाले, की "लाइन बंद आहे" एवढे बोलून सर्व जण स्वस्थ बसतात आणि खिडकीपुढील रांग ताटकळते. लाइन मात्र कित्येकदा धडधाकट असते.

हे कसे होते, ते समजण्यासाठी मागणीची रीत पाहावी. नव्याने सुरू झालेल्या यंत्रास सर्व्हर कोठे आहे हे ठाऊक नसते. म्हणून ते जणू दवंडी पिटते. दवंडी वेशीबाहेर ऐकू जात नाही, तशी ही हाकही शाखेच्या राउटरपाशी थांबते. ती पुढे पोचविण्यासाठी राउटरमध्ये रिले नावाची सोय करून ठेवावी लागते. रिले त्या मागणीवर आपला पत्ता नोंदवितो व ती थेट सर्व्हरकडे धाडतो. मागणी कोणत्या शाखेची व कोणत्या गटातील पत्ता द्यावयाचा, हे सर्व्हर या नोंदीवरूनच ठरवितो. राउटर बदलताना ही सोय करावयाची राहून गेली, अथवा सर्व्हरवर त्या शाखेचा गटच नोंदविलेला नसला, तर उत्तर येत नाही.

तपासणीचा आरंभ, यंत्राने कोणता पत्ता धरला आहे, येथून करावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर उत्तर न आल्यामुळे यंत्राने तो स्वतःच घेतलेला असतो. एकाच यंत्राची ही दशा असेल तर प्रथम तार पाहावी. सगळ्यांची असेल तर एका यंत्रावर शाखेच्या गटातील, कोणासही न दिलेला पत्ता हाताने भरून मुख्य कार्यालयाशी संपर्क करून पाहावा. संपर्क झाला म्हणजे लाइन निर्दोष. दोष रिलेत वा सर्व्हरवर शोधावा. येथे एक चकवा आहे. आधी पत्ता मिळालेली यंत्रे निम्मी मुदत सरताच ती वाढवून मागतात, पण ती मागणी रिलेमार्फत न जाता थेट सर्व्हरकडे जाते. त्यामुळे रिले बंद पडूनही जुनी यंत्रे चालू राहतात. अडते ते नवे यंत्र, आणि दोष उगाच त्याच्या माथी मारला जातो.

पत्ता मिळाला, पण तो परक्या गटातला, असेही घडते. अशा वेळी कोणी घरचा छोटा वायफाय राउटर आणून जोडला आहे काय, ते पाहावे. कारण तोही पत्ते वाटतो. यंत्र बहुधा आधी आलेले उत्तर स्वीकारते, व जवळचा राउटर दूरच्या सर्व्हरच्या आधी उत्तर देतो. म्हणून हा उपद्रव शाखांत विशेष. राउटर काढून यंत्रे पुन्हा सुरू करावीत.

सकाळी येणाऱ्यांस पत्ता मिळतो व उशिरा येणाऱ्यांस मिळत नाही, असे असेल तर गटातील पत्ते संपले असण्याचा संभव मोठा. विंडोज सर्व्हरवर मुदत मुद्दाम बदलली नाही, तर ती ८ दिवसांची असते; अर्ध्या तासासाठी आलेल्या पाहुण्याचा मोबाइलही तितके दिवस एक पत्ता अडवून बसतो. पाहुण्यांसाठी निराळा गट करावा व त्याची मुदत काही तासांचीच ठेवावी.