लिन्सखोटेनच्या प्रवासवर्णनातली गोव्याची चित्रं कुठे पाहाल?

यान हुइखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण 1583 ते 1588 गोव्यात आर्चबिशपचा सचिव होता. त्याचं 'इतिनेरारिओ' 1596 मध्ये ॲमस्टरडॅमला छापलं गेलं. नुसता मजकूर वाचून हे पुस्तक निम्मंच कळतं, म्हणून चित्रं शोधाच!

शोधताना लेखकाच्या नावावर थांबू नका. तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरली यान आणि बाप्टिस्टा फान डुटेकम यांनी. 'रेइक्सम्युझियम'च्या ऑनलाइन संग्रहात त्यांच्या नावाने शोधलंत की मोठ्या आकारातली चित्रं मोफत उतरवून घेता येतात. गोव्याच्या बाजारपेठेचं चित्र तर झूम करून पाहाच: छत्र्या, पालख्या, लिलाव, गुलामांची विक्रीसुद्धा. गोव्याचा नकाशाही अप्रतिम आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. मूळ रेखाटनं लिन्सखोटेनची असली तरी ती कोरली गेली हॉलंडमध्ये. त्यामुळे माणसांची अंगकाठी बरीचशी युरोपीय वाटते. कपडे, वाहनं, होड्या यांसाठी ही चित्रं मोलाची. चेहऱ्यांवर मी फारसा विसंबणार नाही. आणि रंगीत प्रत दिसली, तर रंग छपाईनंतर हाताने भरलेले असतात.