नाकारलेले अर्ज कुठे आहेत?

पीएचडीला थकीत कर्जांवर काम करायचा विचार आहे? मग सॉफ्टवेअर उघडण्याआधी बँकेतला क्रेडिट ॲनालिस्ट नेमकं काय करतो, ते समजून घ्या. तुमच्या हाती पडणारा डेटा त्याच्या टेबलावरून गाळून आलेला असतो.

समजा, एका लघुउद्योजकाने वर्षाला २ कोटींची विक्री होईल असं सांगून खेळत्या भांडवलासाठी कर्ज मागितलं. नायक समितीच्या पद्धतीने विक्रीच्या २५ टक्के, म्हणजे ५० लाख ही गरज. त्यातले ४० लाख बँकेचे, १० लाख त्याचे स्वतःचे. हे गणित दोन मिनिटांचं. खरा प्रश्न, २ कोटी हा आकडा खरा का? ॲनालिस्ट तो जीएसटी विवरणपत्रांशी आणि खात्यातल्या उलाढालीशी ताडून बघतो. ताळेबंदातलं चालू गुणोत्तर, माल किती दिवस पडून राहतो, उधारी किती दिवसांत वसूल होते, हे सगळं तपासतो. मग शिफारस करतो किंवा नकार देतो.

आता गोची बघा. गुणोत्तर कमकुवत असलेला अर्ज सहसा नाकारला जातो. पण खातं जुनं आणि चोख असेल, हातात पक्की ऑर्डर असेल, तर मंजूरही होतो. ही कारणं टिपणीत असतात, तुमच्या एक्सेलमध्ये नसतात. म्हणजे डेटात उरलेले कमकुवत गुणोत्तरवाले मोजकेच, पण पारखून घेतलेले. तुम्ही रिग्रेशन चालवता आणि उत्तर येतं, गुणोत्तराचा थकबाकीशी संबंधच नाही!

मी पहिल्या मसुद्यात हेच लिहिलं होतं. गाईडनी एवढंच विचारलं, "नाकारलेले कुठे आहेत?" दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

हा नमुना-निवडीतला दोष. जेम्स हेकमन यांनी १९७९ मध्ये त्यावर दोन टप्प्यांची पद्धत मांडली. पुढे २००० साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ती जादूची कांडी नाही. त्यासाठी नाकारलेल्या अर्जांची माहिती लागते, आणि मंजुरीवर परिणाम करणारा पण परतफेडीवर न करणारा एखादा घटकही लागतो.

तेव्हा बँकेकडे डेटा मागताना नाकारलेल्या अर्जांचीही नोंद मागा. जमल्यास दहा-वीस टिपण्या वाचा. काहीच मिळालं नाही, तर निष्कर्ष 'मंजूर झालेल्या कर्जांपुरता' आहे असं स्पष्ट लिहा. प्रबंध त्याने लहान होत नाही, उलट तोंडी परीक्षेत टिकतो.