वानगी आणि मत

धान्याच्या व्यापारात वानगीला मान आहे; परंतु पोत्याच्या तोंडावरचा दाणा पाहून कोणी शहाणा व्यापारी सौदा करीत नाही. तो पोकळ सळई खुपसून तळचा दाणा काढतो, दाताखाली फोडून ओल पाहतो. मत देताना आपण इतकी चिकित्सा करतो काय, हा प्रश्न आम्ही व्यापारी बंधूंपुढे व भगिनींपुढे नम्रपणे ठेवीत आहोत.

अमेरिकेत १९५२ साली आयसेनहॉवर यांनी अध्यक्षपदाच्या प्रचारासाठी दूरचित्रवाणीवर छोट्या जाहिराती दाखविल्या. पुढे २६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी व निक्सन यांचा जाहीर वाद शिकागोहून प्रक्षेपित झाला. जाहिरात ही विकणाऱ्याने स्वतः निवडलेली वानगी होय. वादात प्रतिस्पर्धी आपल्या हाताने पोत्यात सळई घालतो. तेथेही चेहऱ्याचा व वाक्पटुत्वाचा मोह पडतोच. तरी प्रश्न टाळणारा लपत नाही.

आपल्या देशात पंतप्रधानपदाच्या उमेदवारांचा असा वाद भरविण्याची प्रथा नाही. जाहिराती मात्र उदंड. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशानुसार त्या आधी तपासून प्रमाणित कराव्या लागतात, आणि मतदानापूर्वीच्या ४८ तासांत दूरचित्रवाणीवरील प्रचारास कायद्याने मनाई आहे. तथापि प्रमाणपत्र म्हणजे वचनाच्या खरेपणाची हमी नव्हे.

हिंडलगा, बेळगाव, निपाणी या आपल्या सीमाभागाची अडचण आणखी निराळी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मराठी वाहिन्यांवरून महाराष्ट्र विधानसभेचा प्रचार आपल्या माजघरात आला. पण तेथे आपले मत नव्हते. मे २०२३ मध्ये कर्नाटक विधानसभेसाठी आपण मत दिले, तेव्हा वादचर्चा कन्नड वाहिन्यांवर रंगल्या. घरातील वृद्ध मंडळींना त्या पुरत्या उमगल्या नाहीत. १९९६ साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्न देशापुढे मांडण्यासाठी त्या वेळी उमेदवारी हीच जाहिरात झाली होती!

मग तळचा दाणा कोठे पाहावा? सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयापासून उमेदवारास शिक्षण, मालमत्ता, देणी व फौजदारी खटले यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते. निवडणूक आयोग ती सर्वांना खुली करतो. उधारी देण्यापूर्वी आपण गिऱ्हाइकाची पत पाहतो. त्याच दृष्टीने हे शपथपत्र वाचावे. शिवाय आपल्या संघाने मतदानापूर्वी सर्व उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलावून मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत प्रश्न विचारावेत.

बिघडलेला माल परत करता येतो. दिलेले मत पाच वर्षे परत घेता येत नाही. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा अवश्य विचार करावा, अशी आमची विनंती आहे.