दिवसाला एक लाख नवे तंतू

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे मांजरीतल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकातून तीन ट्रक पुणे विमानतळाकडे निघाले. आत ४७८ खोकी, प्रत्येकाचं वजन ३२ किलो. त्या एका दिवसात कोविशील्डचे ५६ लाखांहून अधिक डोस देशातल्या १३ शहरांकडे रवाना व्हायचे होते. हे आकडे तेव्हा घराघरांत बोलले गेले. ज्या आजारावर ही लस होती, त्याने तोवर अगणित लोकांची वास घेण्याची क्षमता हिरावून घेतली होती. पुण्याच्याच आयसर या विज्ञानसंस्थेतल्या निक्सन अब्राहम यांच्या गटाने गंधक्षमता यंत्राने मोजली, तेव्हा लक्षणं नसलेल्या बाधितांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांची ती घटलेली आढळली. बहुतेकांना याचा पत्ताही नव्हता.

ही क्षमता गमावलेल्या बहुतेकांना ती पुढे परत मिळाली. विषाणूचा मारा मुख्यतः चेतापेशींच्या शेजारच्या आधारपेशींवर होता, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण फार जुनं आहे : नाकाला मोडलेलं पुन्हा उभारायची सवयच आहे.

नाकाच्या छतापाशी, काही चौरस सेंटीमीटरच्या अस्तरात, वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांची संख्या साधारण ६० लाख ते १ कोटी धरली जाते. बाहेरची हवा, धूळ, जंतू यांना थेट सामोऱ्या जाणाऱ्या या पेशी फार टिकत नाहीत. एक-दोन महिन्यांत त्या मरतात आणि तळाशी असलेल्या मूळपेशींपासून नव्या घडतात. ६० लाख पेशी ६० दिवसांत बदलायच्या, म्हणजे दिवसाला एक लाख आणि मिनिटाला सुमारे ७०. हा परिच्छेद वाचून होईपर्यंत पन्नासेक नव्या पेशी कामाला लागलेल्या असतील.

पेशी जन्मली म्हणजे काम संपलं असं नाही. तिला आपला तंतू हाडातल्या बारीक भोकांतून वर पाठवून मेंदूच्या गंधकंदात अचूक जागी जोडायचा असतो. माणसात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत आणि प्रत्येक प्रकाराच्या तंतूंचा पत्ता वेगळा. प्रौढ शरीरात बाहेरून निघून थेट मेंदूत शिरणारे असे नवे तंतू इतरत्र जवळपास कुठेच नाहीत. त्यांना वाट देतात त्या गंधचेतेच्या ग्लिया पेशी. त्या शेकडो तंतूंना एकत्र लपेटून बोगदा तयार करतात, मेलेल्या तंतूंचा कचरा खातात, वाढीला पोषक द्रव्यं सोडतात आणि मेंदूच्या उंबरठ्यावर तिथल्या ग्लिया पेशींमध्ये सलोख्याने मिसळतात.

हे सगळं किती बारीक आहे, हे कळायला माप एक लाख पटींनी वाढवून पाहू. नाकातल्या तंतूची जाडी ०.२ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरात ५,००० तंतू शेजारी शेजारी मावतात. लाखपट केल्यावर तो दोन सेंटीमीटर जाडीचा दोर होईल. आणि जिथे तंतू पुन्हा जोडणं शरीराला जमत नाही, तो पाठीतला ४५ सेंटीमीटरचा मज्जारज्जू त्याच मापाने ४५ किलोमीटर लांब होईल : मांजरी बुद्रुक स्टेशनातून दौंडच्या दिशेने थेट केडगावच्या आसपास. त्याची रुंदी किलोमीटरभर. मेंदूकडून हालचालीचे हुकूम आणणारे तंतूच त्यात प्रत्येक बाजूला सुमारे १० लाख.

आता या पट्ट्यात ८०० मीटरची दरी पडली असं समजा. खऱ्या मापात ती फक्त ८ मिलिमीटर. हातापायातली तुटलेली चेता दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. त्या वेगाने हे आठ दिवसांचं काम. पण मज्जारज्जूत आठ वर्षांतही ते होत नाही. जखमेभोवती व्रण धरतो, तिथली रसायनं वाढीला अटकाव करतात आणि तंतू काठावरच थबकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दीड कोटींहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. त्यांच्या आयुष्यात अनेकदा असं काही मिलिमीटरचंच अंतर आडवं आलेलं असतं.

नाकातल्या वाटाड्या पेशी या दरीत नेऊन ठेवल्या तर? लंडनच्या जेफ्री रेझमन यांनी १९८५ मध्ये या पेशींचं वेगळेपण दाखवलं. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांच्या मज्जारज्जूत त्या घातल्या, तेव्हा तुटलेले तंतू पुढे सरकले. पोलंडमधल्या दारेक फिदिका यांचा मज्जारज्जू २०१० मध्ये चाकूहल्ल्यात जवळजवळ पूर्ण तुटला होता. २०१२ मध्ये त्यांचाच एक गंधकंद काढून पेशी वाढवण्यात आल्या. हाती आला जेमतेम एक थेंब, सुमारे ५ लाख पेशी. शंभरेक सूक्ष्म इंजेक्शनांनी त्या इजेच्या वर आणि खाली सोडल्या आणि ८ मिलिमीटरच्या दरीवर घोट्याजवळच्या चेतेच्या चार पट्ट्या बसवल्या. पुढे रोज तासन्‌तास व्यायाम करून ते आधाराने पावलं टाकू लागले.

हा एकच रुग्ण आहे, हे मात्र ठामपणे सांगायला हवं. यात पेशींचं यश किती, पट्ट्यांचं किती, व्यायामाचं किती, ते एका माणसावरून ठरत नाही. केंब्रिजमध्ये ३४ पाळीव कुत्र्यांवरच्या चाचणीत पुढच्या-मागच्या पायांचा मेळ सुधारला. मेंदूशी तुटलेला दुवा जुळल्याचा पुरावा मिळाला नाही. दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटरने नाकाच्या अस्तराचं रोपण पाच रुग्णांवर करून पाहिलं. गुण आल्याचं त्यांना म्हणता आलं नाही. परदेशात अशाच रोपणानंतर एका रुग्णाच्या मज्जारज्जूत आठ वर्षांनी श्लेष्मा स्रवणारी गाठ आढळली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे मूळपेशींचा वापर ‘उपचार’ म्हणून करायला मुभा नाही. तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा.

म्हणून घरात कुणी पाठीच्या इजेने अंथरुणाला खिळलं असेल आणि लाखो रुपयांत पेशी टोचून चालवण्याचं आश्वासन मिळत असेल, तर आधी विचारा : ही नोंदणीकृत चाचणी आहे का, आणि असेल तर रुग्णाकडून पैसे कशासाठी? रोजचा व्यायाम, शय्याव्रण टाळणं, मूत्रमार्गाची निगा यांनी आजच आयुष्य वाढतं. त्यात हयगय नको. संशोधनाची आशाही सोडू नका, कारण ती हवेतली नाही. नवा तंतू मेंदूपर्यंत नेणं शरीराला जमतं. प्रत्येक माणसाच्या नाकात ते दिवसाला लाखभर वेळा घडतं आहे. आता तेच कसब दुसऱ्या जागी, मज्जारज्जूतल्या ८ मिलिमीटरच्या दरीत, शिकवायचं आहे.